एका आरोपीच्या नऊ शिक्षा

"मारुती नलवडे, शिक्षेबाबत तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी हात जोडले. समोर टेबलामागे एक तरुण न्यायाधीश बाई बसल्या होत्या आणि माझ्या खांद्याला खांदा लावून हवालदार मुजावर उभे होते. पाठ केलेली तीन वाक्यं मी म्हटली. "साहेब, चूक झाली. घरात अडचण होती. परत असं होणार नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता वाचून दाखवलं, "दोन वर्षं सक्तमजुरी."

मला भयंकर राग आला. शिक्षेचा नव्हे. शिक्षा मला होणारच नव्हती, कारण मी मारुती नलवडे नव्हतो आणि मालकाचा ॲम्प्लिफायर मी चोरला नव्हता. मी दिगंबर आरवाडे, सांगलीत हरभट रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. मी आठवडाभर दाढी वाढवून, मळका सदरा घालून, त्या तीन वाक्यांत जीव ओतला होता आणि बाईंनी मानसुद्धा वर केली नाही!

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी मुजावरांना विचारलं, "कसं झालं?"

मुजावर मिरजेचे. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले आणि नाटकाचे दर्दी. ते म्हणाले, "खरं सांगू काय, आरवाडेसाहेब? रेशनच्या दुकानात घासलेट मागितल्यागत वाटलं."

हे मला लागलं. फार लागलं. त्या दिवशी पुढे जे काही रामायण झालं त्याचं मूळ त्या घासलेटात होतं.

हे सगळं सुरू झालं माझ्या दुकानात. त्या वर्षी सरकारनं एक समिती नेमली होती. देशभरातल्या फौजदारी कोर्टांनी शिक्षा कशा हिशेबानं द्याव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वं तयार करायची. आता हे काय प्रकरण, तर नोकरानं मालकाची वस्तू चोरली तर कायदा म्हणतो सात वर्षांपर्यंत शिक्षा. 'पर्यंत' म्हणजे एक दिवसही चालतो आणि सात वर्षंही चालतात. मधलं सगळं न्यायाधीशाच्या मर्जीवर. ती मर्जी जरा एका मापात आणावी, एवढंच त्या समितीचं काम.

समितीत डॉ. सुलोचना शिरगुप्पे नावाच्या बाई होत्या. कोल्हापूरला कायदा शिकवायच्या. सगळा मसुदा त्यांनीच लिहिला होता आणि तो लिहिता लिहिता त्यांच्या डोळ्यांचा नंबर वाढला, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

नंबर काढताना माझी एक जुनी खोड आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवायची, एक काच घालायची, विचारायचं, "हे बरं?" मग ती काढायची, खटकन आवाज करायचा, आणि तीच काच परत घालून विचारायचं, "की हे?" निम्मी माणसं ठामपणे सांगतात, दुसरं बरं. काही म्हणतात, पहिलं. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतंय की मनानं, हे मला त्यावरून कळतं.

शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या, "दुसरं बरं."

मी हसलो आणि काच तीच असल्याचं सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. चौकट नाकावर तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "आरवाडे, तुम्ही नाटकात काम करता ना? कुणीतरी म्हणालं मला."

मी राज्य नाट्यस्पर्धेतली माझी प्रमाणपत्रं दाखवली. मागच्या भिंतीवर सगळी ओळीनं लावलेली आहेत. सगळी 'उत्तेजनार्थ' आहेत. उत्तेजनार्थच्या पुढे मला आयुष्यात काही मिळालं नाही, आणि त्याला परीक्षक जबाबदार आहेत हे माझं आजही मत आहे.

मॅडमनी मग मला त्यांचं दुखणं सांगितलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती हेरवाडकर. मोठा माणूस, सज्जन माणूस, पण त्यांना मार्गदर्शक तत्त्वं हा प्रकारच मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, न्यायाधीशाला माणूस दारातून आत येतानाच कळतो; त्याला तक्ते काय द्यायचे? मसुद्यात त्यांनी एक कलम हट्टानं घालायला लावलं होतं, सातवं. आरोपीला पश्चात्ताप झाला आहे की नाही, हे न्यायाधीशानं त्याच्या मुद्रेवरून आणि आवाजावरून ठरवावं आणि त्याप्रमाणे शिक्षा निम्म्यापर्यंत कमी करावी. वर त्यांनी मॅडमना सांगितलं होतं, "एकच खटला नऊ न्यायाधीशांपुढे ठेवा. शिक्षा साधारण सारख्या आल्या, किंवा फरकाला चांगलं कारण निघालं, तर तुमचा मसुदा कपाटात जाईल. मी तसा अहवाल लिहीन."

"तीन वर्षं घातलीत मी यात," मॅडम म्हणाल्या. "मला एक आरोपी हवाय. नऊ खोल्यांत जाऊन तो अगदी सारखा वागला पाहिजे. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही. तुमच्या त्या काचेसारखा."

"झालंच म्हणून समजा," मी म्हणालो.

आमची पद्मजा त्या रात्री म्हणाली, "एका जागी तीन वाक्यं सारखी म्हणायची, एवढंच काम ना? मग दाढी कशाला वाढवताय?"

बायकांना भूमिकेत शिरणं कळत नाही. मी दाढी वाढवली.

तर, पहिल्या खोलीतून दोन वर्षं घेऊन आणि मुजावरांचं घासलेट ऐकून मी दुसऱ्या खोलीपुढे उभा राहिलो. कोल्हापूरबाहेरचं ते सरकारी प्रशिक्षण केंद्र, लांबलचक व्हरांडा, नऊ दारं. प्रत्येक दारामागे एक न्यायाधीश, प्रत्येकापुढे तेच कागद. मारुती नलवडे, मंडपवाल्याकडे अकरा वर्षं नोकरी. मालकाचा ॲम्प्लिफायर आणि दोन कर्णे चोरून विकले. माल परत मिळाला. गुन्हा कबूल. पूर्वीचा गुन्हा नाही.

आत गेलो. प्रश्न आला. मी शब्द एकही बदलला नाही, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त "चूक झाली" च्या आधी थोडा थांबलो.

"दीड वर्ष."

बाहेर मुजावरांनी डोळे मोठे केले. "सहा महिने कमी आले की वो!"

"थांबण्यामुळे," मी म्हणालो. "अभिनयात थांबणं महत्त्वाचं."

"मग जरा आणि थांबा की."

तिसऱ्या खोलीत मी थांबलोच, शिवाय "घरात अडचण होती" ला आवाज किंचित कापू दिला. एक वर्ष. चौथ्या खोलीत जाण्याआधी मुजावर कानाशी लागले. "हितले साहेब कडक हैत. मी त्यांच्याकडं आरोपी घेऊन गेलोय दोनदा. जरा डोळ्यांत पाणी बगा येतंय का." मला येतं. डावा डोळा आधी येतो, उजवा मागून. चौथ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली, वर दंड.

आता मला थांबवणं ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतं. मित्रहो, ज्याला उभ्या आयुष्यात उत्तेजनार्थ मिळालं, त्याला एका सकाळीत दोन वर्षांवरून कोर्ट उठेपर्यंत खाली आणता आलं तर त्याच्या डोक्यात काय होईल? मला वाटत होतं हे परीक्षक आहेत. कमी शिक्षा म्हणजे जास्त गुण. मॅडम, मसुदा, ती काच, सगळं मी विसरलो होतो.

पाचव्या खोलीत मागच्या बाकावर स्वतः न्यायमूर्ती हेरवाडकर निरीक्षक म्हणून बसले होते. पांढरे शुभ्र केस, हातात काठी. प्रेक्षक वाढला की मला चेव येतो. त्या खोलीत मी काय केलं ते सांगून खरं वाटणार नाही. "परत असं होणार नाही" म्हणताना माझा आवाज फुटला, गुडघे आपोआप वाकले, आणि मुजावरांना मला काखेत धरून उभं करावं लागलं. तेही रडत होते.

"चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका," न्यायाधीश घोगऱ्या आवाजात म्हणाले. मागच्या बाकावर न्यायमूर्तींनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

व्हरांड्यात मुजावरांनी मला मिठी मारली. "तीस वर्षांत असला आरोपी बगितला न्हाई, साहेब. जिंकलासा!"

जेवणाची सुट्टी झाली. मी हात धुऊन, श्रीखंडाच्या वाटीपर्यंत पोचतोय तोच मॅडम आल्या. त्यांच्या हातात पाच निकालांच्या चिठ्ठ्या होत्या आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोन वर्षं, दीड, एक, कोर्ट उठेपर्यंत, सुटका," त्यांनी वाचलं. "जिना उतरल्यासारखं. आरवाडे, तुम्ही काय केलंत?"

"मॅडम, शब्द एकही—"

"काय केलंत?"

मी सांगितलं. थांबणं, कापणं, डावा डोळा, गुडघे. सांगताना आधी जरा अभिमानानं सांगत होतो, मग आवाज आपोआप खाली गेला.

"अहो, तुम्ही काच बदललीत!" त्या म्हणाल्या. "पाचही वेळा बदललीत. आता हा फरक न्यायाधीशांचा आहे की तुमचा, मी कसं सांगू?"

तेवढ्यात काठी टेकत न्यायमूर्ती आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वा! आज तुम्ही माझं काम सोपं केलंत. शिरगुप्पे, पाहिलंत ना? आरोपीला जसजसा पश्चात्ताप होत गेला, तसतशी शिक्षा कमी होत गेली. न्यायाधीशांनी बरोबर ओळखलं. फरक आहे, पण फरकाला कारण आहे. चांगलं कारण आहे." मग पंगतीतल्या सगळ्या न्यायाधीशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या पाचव्या खोलीत मी असतो तर मीही याला सोडलाच असता. असा माणूस तुरुंगात टाकायचा नसतो. संध्याकाळी अहवाल लिहून टाकतो मी."

ते श्रीखंड घ्यायला गेले. मॅडम जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतक्या शिकलेल्या, इतक्या ताठ बाई, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. माझ्या वाटीत वेलदोड्याचं टरफल होतं, त्याच्याकडे बघत बसलो.

"मॅडम," मी शेवटी म्हणालो, "अजून चार खोल्या आहेत. अगदी दगडासारखा उभा राहतो. तुम्ही सांगाल तसं."

त्या म्हणाल्या, "ती तीन वाक्यं नका म्हणू."

"मग?"

"विचारलं, काही सांगायचंय का, तर म्हणायचं, 'काही नाही, साहेब.' बस्स. सरळ उभं राहायचं. समोर बघायचं. हात बाजूला."

"हे कुठल्या नाटकात चालतं?" मी विचारलं.

"नाटकात नाही चालत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुपारी मी सरळ उभा राहिलो. नटाला यापेक्षा अवघड काम नाही. हात बाजूला ठेवायचे म्हटलं की ते कुणा दुसऱ्याचे वाटायला लागतात. सहाव्या खोलीत, "काही नाही, साहेब." दीड वर्ष. सातव्या खोलीत दोन वर्षं. आठव्या खोलीतल्या न्यायाधीशांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्यांत टिपूस नाही. निर्ढावलेला दिसतोय." तीन वर्षं.

मुजावर फार नाराज झाले. "काय ह्ये साहेब? सकाळी सोनं केलंतासा आणि आता माती. जेवण जड झालं काय?"

"गप्प बसा हो," मी म्हणालो. आठव्या खोलीतलं ते 'निर्ढावलेला' मला आवडलं नव्हतं. मी काहीच केलं नव्हतं. नुसता उभा होतो. नुसत्या उभ्या माणसात त्यांना एवढं काय दिसलं, हे मला कळेना. चाळीस वर्षं मी समजत होतो की काही न करणाऱ्या नटाकडे कुणी बघत नाही.

नवव्या खोलीपाशी गोंधळ होता. तिथल्या न्यायाधीशांना त्यांच्या कोर्टातून तातडीचं बोलावणं आल्यानं ते निघून गेले होते. मॅडम दारात उभ्या होत्या, न्यायमूर्ती शेजारी.

"राहू द्या, आठ पुरेत," न्यायमूर्ती म्हणाले.

"नऊ ठरले होते सर," मॅडम म्हणाल्या. मग, अगदी साध्या सुरात, घरी पाहुण्याला चहा विचारावा तशा, "तुम्हीच बसता का? आजच्या तरुण न्यायाधीशांपेक्षा तुमचं पाहणं वेगळं. ते नोंदवलं जाईल तरी."

न्यायमूर्तींचा चेहरा खुलला. निवृत्त माणसाला परत खुर्ची मिळाली की त्याची पाठ आपोआप ताठ होते. ते आत जाऊन बसले, काठी टेबलाला टेकवली, कागद वाचले, एकेक ओळ बोट ठेवून वाचले. मॅडमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. एवढा अभिनय मला जमला असता तर भिंतीवरची प्रमाणपत्रं निराळी असती.

"मारुती नलवडे," न्यायमूर्ती म्हणाले, आणि त्यांचा आवाज खोलीभर पसरला. "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?"

"काही नाही, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओळखून हसतील. सकाळचा तोच मी, पाठीवर हात ठेवला होता त्यांनी. पण खुर्चीत बसल्यावर त्यांना मी दिसतच नव्हतो, फक्त आरोपी दिसत होता. आणि मी समोर बघत होतो, हात बाजूला.

"अकरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरी चोरी केलीत. काहीच म्हणायचं नाही?"

"काही नाही, साहेब."

त्यांनी लेखणी उचलली. "आरोपीच्या मुद्रेवर पश्चात्तापाचा लवलेशही नाही. दोन वर्षं सक्तमजुरी."

मॅडमनी ती चिठ्ठी घेतली. "सर, सकाळी तुम्ही याला सोडला असतात. सगळ्यांसमोर म्हणालात."

"सकाळचा माणूस वेगळा होता."

"तोच होता सर."

"शिरगुप्पे, शब्दच्छल नको. अंगानं तोच असेल. पण सकाळच्या माणसाला पश्चात्ताप झाला होता. याला झालेला नाही. हेच तर मी म्हणतोय. मला ते दिसतं."

"सर," मॅडम म्हणाल्या, "सकाळच्या माणसालाही पश्चात्ताप झालेला नव्हता. त्यानं चोरीच केली नव्हती. हे चष्मेवाले आरवाडे आहेत."



"मग मी सकाळी जो पाहिला," न्यायमूर्ती सावकाश म्हणाले, "तो पश्चात्ताप कुठे होता?"

ते माझ्याकडे बघत होते, म्हणून मलाच बोलावं लागलं. "अभिनयात होता, साहेब."

मुजावरांना ठसका लागला. ते तोंडावर टोपी धरून बाहेर गेले. न्यायमूर्ती मात्र हसले नाहीत. त्यांनी काठी हातात घेतली, परत ठेवली. "आणि आत्ता जो नाही दिसला? तो नव्हताच हे तरी खरं ना? हा माणूस पाटीसारखा कोरा उभा होता."

"तसं उभं राहायला मी सांगितलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच हलला. "दुसऱ्यांदा सांगितलं, सर. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तासगावात वकिली करत होते. ही केस खरी आहे. त्या नोकराचं खरं नाव श्रीपती. चोरी केली त्यानं, कबूलही केली. माल कुठे विकला ते त्यानं स्वतःच सांगितलं, म्हणून तो परत मिळाला. कोर्टात जाण्याआधी मला विचारलं, ताई, कसं वागू? मी म्हटलं, सरळ उभे राहा. नाटक करू नका. कोर्टाला नाटक आवडत नाही. विचारलं तर म्हणा, काही नाही साहेब."

"किती झाली?"

"तीन वर्षं. शेजारच्या कोर्टात त्याच आठवड्यात असाच एक नोकर होता. तो पायावर पडून रडला. त्याला हमीवर सोडलं." त्या थोड्या थांबल्या. हे थांबणं माझ्यासारखं नव्हतं, त्यांना पुढे बोलताच येत नव्हतं. "श्रीपतीनं मला दोष नाही दिला. तुरुंगाच्या गाडीत चढताना म्हणाला, 'ताई, मी सरळ उभा होतो ना?' ती तीन वाक्यं आहेत ना, जी आरवाडे सकाळी म्हणत होते? ती मी लिहिली. ती त्याला म्हणायला सांगायला हवी होती, असं मला रोज वाटतं. आणि सर, ती म्हटली नाहीत म्हणून कुणाला तीन वर्षं होऊ नयेत, असंही वाटतं."

मी चाळीस वर्षं नाटकात काम केलं, पण त्या खोलीत माझ्या डोळ्यांत जे पाणी आलं ते दोन्ही डोळ्यांत एकदम आलं. मी तोंड फिरवून घेतलं. उगाच कुणी त्यावरूनही शिक्षा कमी करायला नको.

न्यायमूर्तींनी ती दोन वर्षांची चिठ्ठी मॅडमकडून परत घेऊन वाचली. मग म्हणाले, "तुमचा मसुदा आणा. सातवं कलम काढा."

त्या संध्याकाळी अहवाल लिहिला गेला, पण वेगळा. नवं सातवं कलम न्यायमूर्तींनी स्वतः तोंडी सांगितलं आणि मॅडमनी उतरवून घेतलं. अश्रू, जोडलेले हात, कापणारा आवाज किंवा यांपैकी काहीही नसणं, यावरून शिक्षा कमी किंवा जास्त करू नये. आरोपीनं काय केलं ते पाहावं. माल परत केला का, नुकसान भरून दिलं का, गुन्हा लवकर कबूल केला का. म्हणजे माझी सकाळची सगळी मेहनत सरकारनं रीतसर बाद ठरवली. माझ्या अभिनयाची छापील दखल घेतली गेली ती आजवर एवढीच.

जाताना केंद्रानं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. नऊ शिक्षा आणि वर शाल. पद्मजानं नारळ फोडला आणि म्हणाली, "आता तरी दाढी करा."

मसुदा मग गावोगावी मतांसाठी गेला. सूचना आल्या, दुरुस्त्या झाल्या, परत गेला, परत आला. एका वकील संघटनेनं कळवलं की अशिलाला रडायला शिकवण्यात आमची हयात गेली, आता आम्ही काय करायचं? मॅडमनी म्हणे ते पत्र जपून ठेवलंय. कलमं खालीवर झाली, काही गळली, पण सातव्याला कुणी हात लावला तर न्यायमूर्ती काठी आपटायचे, असं मुजावरांच्या कानावर आलं.

वर्षभरानं, एका दुपारी, ती काठी माझ्या दुकानाच्या पायरीवर वाजली. न्यायमूर्ती एकटेच आले होते. काखेत मसुद्याची नवी प्रत.

"अक्षरं पुसट दिसताहेत, आरवाडे. नंबर काढा. फाटे फोडू नका."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर ती गोल चौकट चढवली, समोरची पाटी उजळली. दोन-चार काचा झाल्या. मग, देवाशपथ, मी ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला.

"हे बरं?"

"हं."

खटकन आवाज केला. "की हे?"

"दुसरं," ते ताबडतोब म्हणाले. "स्वच्छ. फारच फरक आहे."

मी मान खाली घालून नंबर लिहायला लागलो. पण एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या गप्प बसण्याचा वास आला असावा. चौकटीतून त्यांचे दोन मोठे मोठे डोळे माझ्यावर रोखले गेले.

"आरवाडे, काही सांगायचं आहे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. सरळ उभा. हात बाजूला, मुठी मिटलेल्या.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काय दिसलं देव जाणे. मग एकाएकी त्यांनी चौकटीसकट मान दुसरीकडे वळवली, भिंतीवरच्या उत्तेजनार्थ प्रमाणपत्रांकडे, आणि तळहात माझ्यापुढे पसरला.

"तोंड राहू द्या," ते म्हणाले. "दोन्ही काचा इथे ठेवा."

मी त्यांच्या हातावर काच ठेवली. एक ठेवली आणि तसाच उभा राहिलो.